पेटीतल्या जिवाचे देणे
गांडुळासारख्या क्षुद्र जिवाचे आपण काय देणे लागतो? निफाड परिसरात हिवाळ्यात पारा अनेकदा 10 अंशांखाली उतरतो. अशा वेळी उकिरड्यातले गांडूळ ऊब शोधीत आत सरकते. खताच्या पेटीत मात्र ती वाट आपणच अडवलेली असते. म्हणून त्याच्या निवाऱ्याचे उत्तरदायित्वही आपल्याच शिरावर येते. पेटीभोवती गोणपाट गुंडाळावे, वर वाळलेला पालापाचोळा पसरावा. गारठ्याने गांडूळ मंदावते, थोडे खाते. तेव्हा नेहमीइतका ओला कचरा घातला, तर तो सडून त्याच्याच जिवावर उठतो. देणाऱ्याच्या उत्साहाने नव्हे, घेणाऱ्याच्या गरजेने दान मोजावे. खतासाठी उन्हे तापेपर्यंत धीर धरता येतो. त्या मुक्या जिवाची निगा मात्र आजच राखावी लागते.