यहूदीतची पिशवी आणि आपली कढई



किस्लेवची 25 तारीख जवळ आली, की आपल्या घरांत तेलाची कढई चढते. सुफगानियोत दुकानातून येतात, ते येवोत. पण चीजचे तळलेले पदार्थ मात्र घरीच करावेत, असे आम्हांस वाटते. हनुक्कात चीज खाण्याची चाल कालची नव्हे. 'शुल्हान आरूख'वरील आपल्या टीपांत रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी 16 व्या शतकात ती नमूद केली आहे. कारणही दिले आहे: यहूदीतने शत्रूला दुधाचा पदार्थ चारला, त्यातून चमत्कार घडला.

यहूदीतचे पुस्तक आपल्या तनाखात नाही, हे खरे. हनुक्काशी तिची सांगड पुढच्या मिद्राशांनी घातली. चीज खाऊन सेनापतीला तहान लागली, तो द्राक्षारस प्याला, झोपला आणि तिने त्याचे शीर कापले, एवढे आपण मुलांना सांगतो. पण एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. शत्रूच्या छावणीत जाताना ही विधवा आपले अन्न पिशवीत घालून गेली होती. होलोफर्नेसने आपल्या पंक्तीचे वाढावयास सांगितले, तेव्हा ती म्हणाली, मी आणले आहे तेच खाईन. रोज रात्री दासीला घेऊन ती प्रार्थनेसाठी छावणीबाहेर जाई. पहारेकऱ्यांना दोघींची सवय झाली. शेवटल्या रात्री त्याच पिशवीत सेनापतीचे शीर होते, आणि कोणी हटकले नाही. आधीचा नेम नसता, तर त्या रात्री ती छावणीबाहेर पडली असती काय?

आपल्या पूर्वजांना हनुक्का ठाऊक नव्हता. तो कोकणात पुष्कळ उशिरा आला. पण शनिवारी घाणा बंद राही, म्हणून गाव त्यांस शनवार तेली म्हणे. खवले नसलेली मासळी चुलीवर चढत नसे. मटणात दूध नाही, नारळाचा रस. ग्रंथ हाती नव्हते, तेव्हा या रोजच्या नेमांनीच आपल्याला राखले.

आणि तरीही 1960 च्या दशकात या देशात आपल्या यहूदीपणाविषयी शंका काढली गेली. 1964 साली तो वाद मिटला. मन मात्र दुखावलेले राहिले. म्हणूनच येशिवातून आलेला नातू "आजी, कढई कोणती?" असे विचारतो, तेव्हा आजीला ती जुनीच शंका ऐकू येते. मग ती ताट बाजूला सारते आणि नातू उपाशी जातो. आजींना आमची विनंती, की राग धरू नका. त्याला तुमच्या हातचे खावयाचे आहे म्हणूनच तो विचारतो. आणि नातवांनो, प्रश्न आजीच्या कानात विचारा, पाहुण्यांसमोर नको.

करावयास फार अवघड नाही. एक लिटर सायीचे दूध उकळावे, विस्तव बंद करून दोन चमचे लिंबाचा रस हळूहळू घालावा. हिरवट पाणी सुटले, की फडक्यात बांधून वजनाखाली ठेवावे. वासराच्या जठरातले विरजण येथे लागतच नाही, तेव्हा तीही काळजी मिटली. पाणी नीट निघाले नाही तर तेलात सारे विरघळते, एवढे सांभाळा. मग कुस्करून एक अंडे, दोन-तीन चमचे पीठ, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून चपट्या वड्या मध्यम आचेवर तळाव्या.

कढई व झारा दुधाचेच हवेत. तेलही कोरे. मटणाचे कटलेट तळून उरलेले तेल गाळून ठेवावयाची काटकसर आपल्या सर्वांच्याच घरी आहे. ते तेल येथे चालणार नाही. आणि त्या जेवणात मटण नको, हे निराळे सांगावयास नकोच.

दिवे लावल्यावर पहिला अर्धा तास बायकांनी काम करू नये, अशी चाल आहे. तेव्हा तळण आधी उरकावे. राहिलेच, तर तेवढा वेळ झारा पुरुषांनी हाती घ्यावा.