इंजिन जुने, गिअरबॉक्स नवा

१९५४ पासून जमशेदपुरात तयार झालेल्या टाटा-मर्सिडीज मालमोटारींची घरघर आम्ही हुमनाबादच्या हमरस्त्यावर लहानपणापासून ऐकली. अशा जुन्या इंजिनाला स्वयंचलित गिअरबॉक्स जोडणे योग्य ठरेल काय? ठरेल, परंतु हे डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देते, तर पेट्रोल मोटारीचा गिअरबॉक्स अधिक फेऱ्यांची वाट पाहतो. गिअर बदलण्याची वेळ इंजिनाच्या बेताने बसविली नाही, तर चूक जोडणीची असूनही दोष इंजिनाला लागतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर व गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, म्हैसूर राज्यात आले, तेव्हा आमच्या घरांनाही अशीच जोडणी करावी लागली. कचेरीत कन्नड आली, माजघरात मराठी राहिली. त्यात द्रोह नव्हता. आज नातवंडे मराठीत अडखळतात, तेव्हा दोष मराठीचा नव्हे, त्यांचाही नव्हे. आमच्या जोडणीचा आहे.