उसवलेला स्वेटर

भिवंडीत ज्याचे घर मागांच्या गल्लीत आहे, त्यास रात्रीची शांतता अशी मिळतच नाही. पूर्वी हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. खटखट तीच, फक्त वाढली. त्याच आवाजात आम्ही कीर्तनाची टिपणे काढीत आलो, आणि तेथेच आमच्या हातून जी चूक घडली ती आज सांगतो.

आमची वडील बहीण अक्का. विणकामात तिचा हात बसलेला. आमच्या दिंडीतल्या वृद्ध वीणेकरीबुवांस कार्तिक वद्यात आळंदीला थंडी फार बाधे. इंद्रायणीकाठची पहाट वाचकांस ठाऊकच आहे. अक्काने त्यांच्यासाठी दसऱ्याला स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पोट झाले, एक बाही झाली. आम्ही सहज हातात घेऊन म्हटले, "अक्का, इथं खांद्याखाली उलट्याचा सुलटा झालाय गं." पाठशाळेत एक स्वर चुकला तरी गुरुजी सारे सूक्त पहिल्यापासून म्हणवीत, ती सवय डोळ्यांत मुरलेली. अक्काने मुकाट्याने उसवले. पुन्हा विणले, तर तिलाच दुसरे काही खुपले. पुन्हा उसवले. वारी निघाली तेव्हा स्वेटर सुयांवरच होता. बुवा त्या वर्षी उपरण्यानिशी कुडकुडत उभे राहिले, आणि माघात गेले. थंडीने गेले असे आम्ही म्हणत नाही, वय झाले होते. पण उपरण्यातले ते खांदे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मग काम चोख करू नये काय? असे कोण म्हणेल! ज्ञानेश्वरी 1290 साली नेवाशास झाली. पुढे तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून अपपाठ शिरले, ते नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 त, शोधून काढले. ऐकणाऱ्याच्या वाटेतले खडे होते ते; तेथे शोधणे हीच सेवा. कुंभार मडके वाजवून पाहतो, तेही घेणाऱ्याच्या घरी पाणी गळू नये म्हणून. पण खांद्याखालच्या त्या एका टाक्यातून कोणती थंडी आत शिरणार होती? बुवांस ती चूक दिसलीही नसती. दिसली आम्हांस, आणि आपल्याला दिसते याचाच आम्हांस ताठा.

जुन्या काळी पोथी लिहिणारा चुकला म्हणून पान फाडीत नसे. चुकल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून त्यावर शुद्ध अक्षर लिही आणि पुढे जाई. (हल्ली 'हरताळ फासला' म्हणतो ते भलत्याच अर्थाने.) शेवटी वाचणाऱ्याची क्षमा मागून पोथी त्याच्या हाती देई. पूजेअंती आपणही उण्याअधिकाची क्षमाच मागतो, पूजा फिरून मांडीत नाही.

आमच्या शेजारी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घराण्यातले एक विणकर आहेत. त्यांस विचारले, "ताण्याचा तार तुटला तर कापड उसवता काय हो?" ते हसले. "बुवा, माग थांबवायचा, गाठ मारायची, तार फणीतनं ओढून घ्यायचा, की चालू. तसाच सोडला तर मात्र सगळ्या ताग्यात रेघ जाते." इतक्या पोथ्या उलटल्या, हे साधे आम्हांस मागावर कळावे!

पुढच्या वर्षी अक्काने तोच स्वेटर पुरा केला, दिंडीतल्या पखवाजी मुलासाठी. देण्याआधी आमच्यापुढे धरला आणि आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. गळ्याशी एक टाका ओढलेला होता. आम्ही म्हटले, "दे गं अक्का, पोरगं वाट बघतंय."