सोनखत आणि सिमेंट

मानवी मैल्यापासून तयार होणाऱ्या खताला आपल्या पूर्वजांनी ‘सोनखत’ असे नाव दिले. ज्या समाजाने मैला उचलणाऱ्या माणसाला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाने त्या मैल्याच्या अंगच्या गुणाला सोन्याची उपमा द्यावी, ही विसंगती क्लेशदायक खरी. तथापि त्या नावात एक हिशेब नोंदलेला आहे, आणि तो असा की, जमिनीने अन्नरूपाने जे दिले ते तिला परत पोचते करणे हे माणसाचे देणे आहे. शहरे वाढली, गटारे भुयारी झाली, साखळी ओढताच मैला दृष्टीआड होऊ लागला, आणि त्याबरोबर हे देणेही आपल्या खातेवहीतून पुसले गेले. आता स्थापत्यशास्त्रज्ञांची एक सूचना पुढे आली आहे : मैलापाणी शुद्ध केल्यावर मागे उरणारा गाळ भाजून काँक्रीटमध्ये घालावा. ही सूचना मला स्वागतार्ह वाटते. मात्र ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर अंमलात आणावी, हे त्या जुन्या देण्याचे स्मरण ठेवूनच ठरवले पाहिजे.

१९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनज्ञांनी मैलापाण्यात हवा खेळवून, त्यातल्याच सूक्ष्म जंतूंकडून घाण खाववून घेण्याची पद्धत सिद्ध केली, आणि आजही बहुतेक मोठी शुद्धीकरण केंद्रे तिच्याच कोणत्या ना कोणत्या रूपावर चालतात. घाण खाऊन पोसलेले हे जंतू तळाशी बसतात, तोच गाळ. तेव्हा पाणी जितके अधिक शुद्ध करावे तितका गाळ अधिक साठतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणे भारतातील शहरांतून दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघते आणि त्यातील प्रत्यक्ष शुद्ध होते ते अवघे २०,२३६ दशलक्ष लिटर. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथे मिळून २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची सात केंद्रे हाती घेण्यात आली आहेत. खाड्यांच्या आणि समुद्राच्या दृष्टीने ही मंगल वार्ताच. पण केंद्र सुरू झाले की गाळाचे ट्रक कोठे रिकामे करायचे, हा प्रश्न त्याच्या दाराशी उभा राहतो.

यंत्रात पिळून काढलेल्या या गाळाला केंद्रावरचे कामगार ‘केक’ म्हणतात. तो दिसतो काळ्या मळीसारखा, आणि पिळूनही त्यात शेकडा पंच्याहत्तर-ऐंशी भाग पाणीच असते. जुन्या पद्धतीच्या वाळूच्या वाफ्यांवर पसरलेल्या गाळाला उन्हाने भेगा पडतात आणि त्या भेगांतून कोणी न पेरलेली टोमॅटोची रोपे तरारून वर येतात. कारण टोमॅटोचे बी माणसाच्या पोटातून, गटारातून आणि शुद्धीकरणाच्या हौदांतून सहीसलामत पार पडते. ती रोपे ज्याने पाहिली त्याला ‘सोनखत’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

या गाळाला बांधकामाकडे वळवण्याचे प्रयत्न आजचे नव्हेत. १९८७ साली सिंगापूरच्या टे जू-ह्वा यांनी गाळाच्या विटा आणि गाळाच्या राखेचे काँक्रीट यांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे टोकियोत निव्वळ राखेच्या फरसबंदीच्या विटाही निघाल्या. कच्चा गाळ मिसळला तर त्यातील सेंद्रिय द्रव्ये सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाहीत, म्हणून तो आठशे-नऊशे अंशांवर जाळावा लागतो. उरते ती लोहाच्या अंशामुळे तांबूस दिसणारी राख. तिचे कण सच्छिद्र आणि ओबडधोबड असल्याने मिक्सरमध्ये पडताच ते पाणी पिऊन टाकतात, आणि गवंड्याला माल कोरडा लागतो. सिमेंटच्या दहाव्या हिश्शापर्यंत ही राख घातली, तर २८ दिवस पाण्यात ठेवून मग दाबयंत्राखाली फोडलेले ठोकळे बहुधा फारसे उणे ठरत नाहीत. प्रमाण वाढवीत गेले की मजबुती ढासळते. जगाच्या कार्बन डायऑक्साइडपैकी शेकडा सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून निघतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सिमेंटचा हा दहावा हिस्सा वाचवण्याचे मोलही कळते.

या सूचनेच्या पुरस्कर्त्यांना औष्णिक केंद्रांतील राखेचा दाखला देता येईल. एकेकाळी तलावांत सोडून दिली जाणारी ही राख, केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढून आसपासच्या वीटभट्ट्यांना वापरावयास भाग पाडले, आणि आज ती पोझोलाना सिमेंटच्या गोणीत शेकडा पंधरापासून पस्तिसापर्यंत राजरोस असते. दाखला योग्य आहे, पण त्यात एक भेद राहून जातो. दगडी कोळशाची राख पुष्कळशी एकजिनसी असते. मैल्याची राख म्हणजे त्या त्या शहराचे चरित्र. गटारात जे जे गेले, मग तो साबण असो की मुलामा देणाऱ्या कारखान्यातील जस्त आणि क्रोमियम असो, त्या सर्वांची नोंद तिच्यात उतरते.

आणि याहूनही मोठा प्रश्न फॉस्फरसचा आहे. अन्नातून आलेले हे मूलद्रव्य जाळल्यावर नाहीसे होत नाही, ते राखेत साठते. आपल्या देशाला लागणारा फॉस्फेटचा खडक बहुतांशी परदेशातून आणावा लागतो, आणि त्याच फॉस्फरसवर पोसलेल्या धान्याचा शेष आपण फुटपाथच्या ठोकळ्यात कायमचा गाडणार, हा व्यवहार कोणत्याही ताळेबंदात बसणारा नाही. नवल असे की, येथे शेतकऱ्याचे आणि गवंड्याचे हित एकच आहे : फॉस्फेटमुळे सिमेंट घट्ट होण्यास विलंब लागतो, आणि सिमेंटच्या भट्टीत ते जास्त गेले तर क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचे सिमेंट होते तो भाजलेला कच्चा माल, तोही बिघडतो. राखेतून आधी फॉस्फरस काढून घेतला तर शेताला खत मिळते आणि काँक्रीटचाही एक दोष कमी होतो. जर्मनीने २०१७ साली नियम करून मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातील फॉस्फरस परत मिळवणे सक्तीचे केले, ते याच विवेकाने.

यावरून माझ्या मते क्रम निश्चित होतो. ज्या लहान गावाच्या गाळात कारखान्यांचे विष नाही, त्याने तो जंतुरहित करून शेतालाच द्यावा. महानगरांचा जो गाळ धातूंनी दूषित झाला आहे, तो जाळावा, त्यातील फॉस्फरस काढावा आणि उरलेल्या राखेला सिमेंटमध्ये थारा द्यावा. तोही आरंभी फरसबंदीचे आणि रस्त्याच्या कडेचे ठोकळे यांपुरताच. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत आणि इमारतीच्या खांबात नव्हे. सिमेंट धातूंना बऱ्याच अंशी जखडून ठेवते हे खरे; पण काँक्रीटही अमर नसते. आजचा ठोकळा तीस-चाळीस वर्षांनी राडारोड्यात जाईल, पावसात भिजेल, तेव्हा त्यातून काय झिरपेल, याची परीक्षा आज झाली पाहिजे. आणि ‘शेवटी काँक्रीटमध्येच जायचे आहे’ अशा सबबीखाली कारखान्यांना आपले सांडपाणी गटारात सोडण्याची मुभा मिळणार असेल, तर असे काँक्रीट न झालेले बरे.

राहता राहिला तो माणसाचा प्रश्न. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असलेले गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैलासफाईचे काम आपणास मिळावे असा आग्रह धरला. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला, आणि अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपवास केला. ज्या घाणीला आपण जन्म देतो तिची जबाबदारीही आपलीच, हे त्या आग्रहाचे मर्म होते. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलवून घेणे गुन्हा ठरले, तरी गटारात उतरून माणसे अजून मरतात. गाळ कोरडा करणारा, भट्टीशी उभा राहणारा, राखेची गोणी फोडणारा कामगार जर नाकातोंडावर फडके बांधूनच काम करणार असेल आणि ते कामही त्याच जातींच्या वाट्याला जाणार असेल, तर यंत्र नवे आणि अन्याय जुना, एवढाच या प्रगतीचा अर्थ होईल.

म्हणून नगरपालिकांकडे माझे मागणे अगदी साधे आहे. ठोकळ्यांची निविदा काढण्यापूर्वी आपल्या केंद्रातील गाळाची दरमहा परीक्षा करावी. त्यात जस्त किती, शिसे किती, कॅडमियम किती, फॉस्फरस किती, याची नोंदवही उघडावी, आणि ती नागरिकांना पाहू द्यावी. जे मातीचे आहे ते मातीला परत द्यावे. मातीला देण्याजोगे जे उरले नाही तेवढेच दगडात बांधावे. यातील कोणते कोठे जाते हे ज्या नगरपालिकेला सांगता येत नाही, तिने गाळाचे काँक्रीट करण्यास हात घालू नये.