टर्म न भरता पदवी

अमेरिकेत क्लेप नावाची एक परीक्षा आहे. ती कॉलेज बोर्ड ही संस्था घेते. शिकायला तिकडे जाण्याची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांना एसएटीमुळे या संस्थेचं नाव पाठ असतं. समाजशास्त्राची तोंडओळख, बीजगणित, अमेरिकेचा इतिहास, हिशेबशास्त्र अशा पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या तीसेक विषयांतला एक निवडायचा, शंभर डॉलरच्या आत असलेली फी भरायची, केंद्राचे चार पैसे वेगळे द्यायचे आणि संगणकापुढे दीड तास बसायचं. पेपर संपवला की बहुतेक विषयांत तिथल्या तिथे पडद्यावर गुण दिसतात. मोजपट्टी 20 पासून 80 पर्यंतची. 50 मिळाले तर साधारणपणे तीन क्रेडिट पदरात पडतात, कमी पडले तर तीन महिने थांबून पुन्हा बसायचं. तुम्ही हे कुठे शिकलात, कोणाकडे शिकलात, वर्गात हजर होतात का, हे तिथे कोणी विचारत नाही.

आता हिशेब बघा. तिकडे पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात. सरकारी विद्यापीठात, त्याच राज्यातल्या रहिवाशालाही, वर्षाची सरासरी फी अकरा हजार डॉलरच्या वर जाते. वर्षाला तीस क्रेडिट धरले तर तीन क्रेडिटच्या एका विषयाला अकराशे डॉलर पडतात. खाजगी विद्यापीठात तोच आकडा तिप्पट-चौपट होतो. म्हणजे दीड तासात अकराशेचा माल शंभरात, आणि तोही चोरीचा नव्हे. अर्थात प्रत्येक विद्यापीठ हा माल घेतं असं नाही. नामांकित खाजगी विद्यापीठं नाक मुरडतात. घेणारीही किती क्रेडिट चालतील याची मर्यादा घालतात आणि वरच्या वर्षांचे विषय आमच्याकडेच करा म्हणतात. पण तीन संस्था अशा निघाल्या की त्यांचा जन्मच या कामासाठी झाला. न्यूयॉर्क राज्याने 1970 च्या सुमारास बहिःस्थ पदवीची योजना आणली, तिचं आजचं नाव एक्सेल्सियर विद्यापीठ. न्यू जर्सीने 1972 मध्ये ट्रेन्टनला थॉमस एडिसन कॉलेज काढलं आणि 1973 मध्ये कनेटिकटने चार्टर ओक काढलं. तिन्ही सरकारने काढलेल्या. जो एडिसन शाळेत जेमतेम काही महिने टिकला त्याचं नाव कॉलेजला देण्यामागे कोणाचा तरी मिस्कीलपणा असावा. या संस्थांत परीक्षांचे, इतर कॉलेजांतले, सैन्यातल्या प्रशिक्षणाचे क्रेडिट एकत्र मांडता येतात. त्यांच्याकडून थेट घ्यावे लागणारे विषय मोजके असतात, आणि मग पदवी मिळते.

सैन्याचा उल्लेख ओघात आलेला नाही. या सगळ्या कल्पनेचं मूळ तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात कोवळी पोरं शाळा अर्धवट सोडून लढायला गेली. रडार दुरुस्त करायला, नकाशे वाचायला, रुग्ण सांभाळायला शिकली. परत आल्यावर त्यांना पुन्हा शाळेच्या बाकावर बसवणार होतात का? त्यांच्यासाठी 1942 मध्ये शाळेच्या समकक्षतेची जीईडी परीक्षा निघाली. पुढे 1967 मध्ये कॉलेजच्या पातळीवर क्लेप आली. आजही सैनिकांची क्लेपची फी सरकार भरतं. घरीच शिकणारी मुलं, पाळ्या सांभाळून शिकणाऱ्या नर्स, मुलं मोठी झाल्यावर अर्धी राहिलेली पदवी पुरी करायला निघालेल्या बायका, ही बाकीची गिऱ्हाइकं.

एक गोष्ट मराठी माणसाला खुपेल अशी आहे. क्लेपमध्ये भाषांचेही पेपर आहेत, पण फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच भाषांचे. ज्या पोराच्या घरात आजी स्पॅनिशमधून रागावते, त्याला त्या रागावण्याच्या जोरावर सहा ते नऊ क्रेडिट मिळू शकतात. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या कुलकर्ण्यांच्या पोराची आजीही तितकंच रागावते, पण तिचं मराठी या पेपरात कुठे बसत नाही. ज्ञान कुठूनही आलेलं चालेल असं म्हणणाऱ्या व्यवस्थेलाही शेवटी मोजपट्टी ज्याची तयार आहे तेवढंच ज्ञान दिसतं.

बाकावर बसलेले तास मोजून पदवी द्यायची ही पद्धत तरी कुठून आली? तिची कथा बरीचशी पेन्शनची आहे. अँड्र्यू कार्नेगीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या प्राध्यापकांना निवृत्तिवेतन द्यायला एक कोटी डॉलर काढून ठेवले. पैसे कोणत्या कॉलेजला द्यायचे हे ठरवायचं तर आधी कॉलेज म्हणजे काय हे ठरवावं लागणार. म्हणून त्याच्या फाउंडेशनने अट घातली की प्रवेश देताना विद्यार्थ्याने शाळेत कोणत्या विषयाला किती तास दिले हे एका मापाने मोजा. एका विषयाचे वर्षाला 120 तास म्हणजे एक युनिट. हे माप शाळेतून कॉलेजात शिरलं, क्रेडिट-अवर झालं आणि पुढे फी, शिष्यवृत्त्या, प्राध्यापकांचा कार्यभार, सगळं त्याच्यावर उभं राहिलं. आपल्या नव्या शैक्षणिक धोरणातले क्रेडिटही त्याच घराण्यातले. मुलाला काय येतं हे मोजायला हे माप कोणी बनवलं नव्हतं. म्हाताऱ्या प्राध्यापकांची सोय लावताना हाताशी आलेलं ते सोयीचं माप होतं.

आपल्याला या परीक्षापदवीचं नवल वाटायचं खरं तर कारण नाही. आपलं विद्यापीठ जन्मलं तेच परीक्षा घेणारं म्हणून. 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली, आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ शिकवत नव्हतं, फक्त परीक्षा घेऊन पदव्या देत होतं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर 1862 मध्ये मुंबई विद्यापीठाचे बीए झाले. त्यांना विद्यापीठाने शिकवलेलं नव्हतं. शिकवलं ते एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांनी. गंमत पुढे आहे. आपण नमुना उचलला आणि दुसऱ्याच वर्षी, 1858 मध्ये, लंडनने नवी सनद घेऊन कॉलेजच्या दाखल्याची अट बहुतेक विषयांतून काढून टाकली. जगाच्या पाठीवर कुठेही राहा, कसाही अभ्यास करा, परीक्षेला बसा. शंभरेक वर्षांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेल्सन मंडेला कायद्याचा अभ्यास करत होते तो याच दारातून शिरून. मुंबईने मात्र कॉलेजात टर्म भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही ही अट धरून ठेवली. एटीकेटी लागली की आजही घरोघरी पेढे न वाटता सुटकेचा निःश्वास टाकला जातो, पण त्या अक्षरांचा अर्थ पोराला पुढच्या टर्म भरायची परवानगी मिळाली एवढाच असतो. त्याला काय येतं याचा त्यात उल्लेख नाही.

म्हणजे आपण दोन्हींकडचं वाईट तेवढं घेतलं. हजेरीची अट ठेवली आणि शिकवणं परीक्षेपुरतं केलं. आता तर अकरावी-बारावीला हजेरी एका कॉलेजात लागते, शिकणं दुसऱ्या क्लासमध्ये होतं आणि पालक दोन्हीकडे फी भरतात. पदवीच्या वर्गांची अवस्था फार वेगळी नाही. उत्तरपत्रिका तपासायला कॅप सेंटरवर बसलेल्या कोणत्याही प्राध्यापकाला विचारा. एकाच गाइडमधलं एकच वाक्य, त्यातल्या छापण्याच्या चुकीसकट, वीस उत्तरपत्रिकांत पाठोपाठ भेटतं. मी त्या टेबलावर बसलो आहे. एकविसाव्या उत्तरपत्रिकेत ती चूक दुरुस्त केलेली दिसली तेव्हा मला इतकं भरून आलं की मी तिला एक गुण जास्त दिला.

म्हणून ‘नुसती परीक्षा घ्या आणि पदवी द्या’ असं कोणी म्हणालं की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. क्लेपच्या समाजशास्त्राच्या पेपरात नव्वद मिनिटांत शंभरेक प्रश्न असतात. एकाला चोपन्न सेकंद. चोपन्न सेकंदांत दर्खाइमने आत्महत्येचे कोणते प्रकार सांगितले हे ओळखता येतं. आपल्या गावात कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरी जाऊन आल्यावर ते प्रकार अपुरे का वाटतात, हे त्या वेळात लिहिता येत नाही. वर्गात एखादा चांगला मास्तर असेल तर तेवढ्यावरून दोन तास वाद पेटतो. अशा मास्तरांची संख्या किती हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारला की हजेरीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज जरा खाली येतो.

तरीही मी या परीक्षांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. ती अट समजायला त्या शंभर डॉलरकडे पुन्हा बघावं लागतं. एवढ्या स्वस्तात क्रेडिट मिळतात कारण त्या पैशात फक्त मोजणी येते. शिकवण्याचा खर्च कोणी तरी आधीच करून ठेवलेला असतो. सैनिकाचा सैन्याने केला, घरी शिकलेल्या मुलीचा तिच्या आईने नोकरी सोडून केला, नर्सचा तिच्या रात्रपाळ्यांनी केला, कोणाचा गावातल्या चांगल्या सार्वजनिक वाचनालयाने केला. ज्याच्यासाठी हा खर्च कोणीच केला नाही, त्याच्या हाती शंभर डॉलरची पावती देऊन ‘दार उघडं आहे’ म्हणणं ही थट्टा झाली. अमेरिकेत हे ओळखून मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था क्लेपच्या विषयांचे अभ्यासक्रम फुकट शिकवते आणि परीक्षेची फीही भरते. त्यातून पुष्कळ साधतं. पण पडद्यावरचं व्याख्यान एकट्याने बसून पुरं करायला लागणारी शिस्तसुद्धा कोणी तरी आधी शिकवलेली असावी लागते.

हे आपल्याकडे सर्वांत स्पष्ट बोलले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या कायद्यातल्या दुरुस्तीवर चर्चा चालली होती. तिथे त्यांनी मांडलं की नुसत्या परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या वाटणाऱ्या विद्यापीठाला आपल्या अस्तित्वाचं समर्थन करता येणार नाही. उच्च शिक्षण गोरगरिबांच्या दारापर्यंत नेणं हे विद्यापीठाचं काम आहे. ज्यांच्या घरात शिकवण्याचा खर्च पिढ्यानपिढ्या होत आला, त्यांना परीक्षेचं विद्यापीठ पुरतं. बाकीच्यांना शिकवणारं विद्यापीठ लागतं. पुढे 1946 मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी भरवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. पदवी स्वस्त करायची ही दुसरी रीत. तास कमी न करता ते माणसाच्या वेळेवर आणून ठेवायचे.

दोन्ही रीती लागतील, कारण माणसं दोन्ही तऱ्हेची आहेत. माझ्या एका चुलत वहिनींचं उदाहरण घ्या. बारावीनंतर लग्न, मग गावातल्या पतपेढीत कारकून. वीसेक वर्षं त्या रोजकीर्द लिहितात, खतावणी करतात, तेरीज जुळवतात. मार्चअखेरीला ताळेबंद त्यांच्याच हातून जातो आणि लेखापरीक्षक अडला की साहेबांना सोडून त्यांच्याकडे येतो. व्यवस्थापक व्हायला पदवी हवी म्हणून त्यांनी चौकशी केली. सोय आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून अशाच लोकांसाठी उभं आहे. बारावीही नसलेल्याला पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमातून आत घेण्याची उदारबुद्धी त्याने दाखवली, आणि महाराष्ट्रात कित्येक कंडक्टर, पोलीस, अंगणवाडी सेविका त्यामुळे पदवीधर झाल्या. पण आत शिरल्यावर पहिल्या वर्षी वहिनींना शिकावं लागणार नावे आणि जमा म्हणजे काय. त्यातून सूट मिळेल असा रस्ता नाही. दहावी-बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता थेट परीक्षेला बसता येतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पदवीच्या एकेका विषयाला तसा फॉर्म असू नये असं काही शास्त्रात लिहिलेलं नाही. 2021 पासून क्रेडिटची बँकही निघाली आहे. तिच्यात भरणा मात्र कॉलेजांतून आणि ‘स्वयम’सारख्या मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांतूनच होतो. वहिनींची वीस वर्षं जमा करायला तिला खिडकी नाही. पूर्वशिक्षणाला मान्यता देण्याच्या गोष्टी धोरणाच्या कागदांत आहेत.

समजा खिडकी उघडली. मग पेपर कसा काढायचा? पर्यायी प्रश्नांचा काढला तर सहा महिन्यांत ‘अपेक्षित’ बाजारात येईल, आणि वहिनींच्या आधी क्लासवाल्यांची पोरं रांगेत उभी राहतील. त्याऐवजी एका दुकानाच्या वर्षभराच्या पावत्या आणि बिलं, त्यात दोन हरवलेली आणि एक दोनदा नोंदलेली, टेबलावर ठेवून तीन तासांत ताळेबंद मागता येईल. नंतर दहा मिनिटं परीक्षकाने समोर बसून विचारावं, हा आकडा इथे का घेतलात? असा पेपर दर वेळी नवा काढावा लागतो, आणि तपासायला तीन मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास लागतो. आज एका उत्तरपत्रिकेमागे परीक्षकाला जो मेहनताना मिळतो त्यात कोणी अर्धा तास देणार नाही आणि द्यावा अशी अपेक्षाही करू नये. तेव्हा ही परीक्षा सुरू करायची तर विद्यापीठाने आधी परीक्षकाचा दर ठरवावा आणि तो वहिनींच्या फीमधून वसूल न करता स्वतःच्या तिजोरीतून द्यावा. ती तयारी नसेल तर नुसता नवा फॉर्म छापू नये.