निर्वेध वाट

चाळिशी उलटलेल्या मास्तराने सायकल घ्यावी यात नवल काही नाही. आमच्या आधीच्या पिढीतले बहुतेक मास्तर सायकलवरच म्हातारे झाले. पण मी घेतली ती जाड टायरांची, गिअरची, डोंगरात चालवायची. तिला घंटी नाही आणि मागे कॅरिअरही नाही. ज्या सायकलला कॅरिअर नाही तिचा उपयोग काय, हा आमच्या शेजाऱ्यांचा प्रश्न मला अजून सोडवता आलेला नाही.

खरे उत्तर द्यायचे तर उपयोग एकच. रविवारी पहाटे साताऱ्याहून निघावे, सज्जनगडाचा पायथा मागे टाकून ठोसेघरच्या अंगाने वर चढावे, आणि एकदा पठार लागले की तास दीड तास कोठेही पाय खाली न टेकता चालत राहावे. हे न थांबण्याचे सुख ज्याने अनुभवले नाही त्याला ते सांगून कळायचे नाही. पहिली वीस-पंचवीस मिनिटे शरीर कुरकुरते. मग श्वास, पाय आणि मन यांचा एक ठेका जमतो. माझ्या मागच्या कादंबरीतली दोन अवघड प्रकरणे मला अशीच पठारावर सुटली. आणि अशा वेळी वाटेत म्हशी आडव्या आल्या, ओढा लागला किंवा कुंपण आले की तो ठेका जो तुटतो, तो काही केल्या लवकर जुळत नाही.

म्हणून मी वाटा निवडू लागलो. कमीत कमी अडथळ्यांची वाट कशी शोधावी, याचे एक लहानसे शास्त्रच मी बसवले. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा पुढ्यात घ्यावा. जेथे समोच्चरेषा विरळ तेथे सपाटी. हे तर शाळेतली मुलेही सांगतील. पण खरी युक्ती वेगळी आहे. वाट पाणलोटाच्या धारेवरून घ्यावी. जेथून एका अंगाचे पाणी एका खोऱ्यात आणि दुसऱ्या अंगाचे दुसऱ्या खोऱ्यात उतरते, त्या धारेवरून जाणाऱ्याला ओढा ओलांडावा लागत नाही. ओढा नाही म्हणून शेत नाही, शेत नाही म्हणून कुंपण नाही, कुंपण नाही म्हणून वस्ती नाही, आणि वस्ती नाही म्हणून कोणी “कुठनं आला?” असे विचारीत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर तर पंचवीस वर्षांहून अधिक काळ पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांच्यासाठी केलेले मुरमाचे रुंद रस्ते जांभ्याच्या सड्यावरून दूरवर गेले आहेत. माझ्यासारख्याला याहून निर्वेध वाट कोणती?

परंतु पठार कोठे ना कोठे संपतेच. पवनचक्क्यांचा रस्ता सोडून खाली उतरताना एका ठिकाणी नाचणीच्या तुकड्यातून पायवाट जाते. कुंपणातल्या खिंडाराला काट्याची शिरी लावलेली असते. वाचकांतल्या शहरवासीयांसाठी सांगतो, शिरी म्हणजे बोरीची किंवा करवंदीची काटेरी फांदी. वाट बंद करायला ती आडवी टाकायची. जाताना उतरायचे, शिरी बाजूला घ्यायची, पलीकडे जाऊन पुन्हा लावायची. पाचसहा वेळा मी हे नेमाने केले. दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात एका रविवारी मात्र माझा ठेका विशेष चांगला जमला होता. शिरी थोडी कललेली दिसली. मी सायकलवरूनच पायाने ती लोटली आणि तसाच उताराला लागलो. मागे वळून पाहिले नाही. पाहिले नाही हे मला स्पष्ट आठवते, कारण पाहावे असे वाटले होते.

दुपारी त्याच वाटेने परतलो तेव्हा शिरीपाशी एक म्हातारी बाई बसली होती. तिच्या पाठीमागे नाचणीचा निम्मा तुकडा आडवा झाला होता. कणसे भरून आली होती. आठ-पंधरा दिवसांत काढणी व्हायची. म्हशी कोणाच्या होत्या हे विचारण्यात अर्थ नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले, सायकलकडे पाहिले.

“शिरी तूच काढलीस न्हवं, बाबा?”

“होय आजी,” मी म्हणालो.

ती रागावेल, आरडाओरडा करील, अशी माझी अपेक्षा होती. खरे तर इच्छाच होती. ती एवढेच म्हणाली, “उतराया लई जड गेलं व्हय?”

खिशात होते तेवढे पैसे मी पुढे केले. तिने ते घेतले, दोनदा मोजले आणि पदराच्या गाठीला बांधले. गरिबाने पैसे नाकारावेत हे कादंबरीत शोभते. तिला वर्ष काढायचे होते. पण प्रश्न तिने परत घेतला नाही. तो माझ्याबरोबर घरी आला.

उतरायला खरोखर किती जड जाते? माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही, पण गतीचा हिशेब तेवढ्यात बसतो. ताशी १८ किलोमीटरने चाललेली सायकल सेकंदाला ५ मीटर जाते. थांबल्यावर तो वेग पुन्हा मिळवायला जेवढी शक्ती खर्चावी लागते, तेवढ्या शक्तीत मनुष्य सव्वा मीटर चढ चढतो. वजन किती का असेना; ते दोन्ही बाजूंनी कटते. म्हणजे एक शिरी म्हणजे सव्वा मीटरचा चढ. त्याच सकाळी मी साताऱ्यापासून चारशेएक मीटर चढून आलो होतो, आणि त्या चढाचा मला अभिमान होता! मग सव्वा मीटर मला का जड झाला? पायांना तो जड नव्हताच. चढ मी स्वतःसाठी चढलो होतो. उतरायचे होते ते दुसऱ्यासाठी.

येथे माझ्या नकाशाच्या शास्त्राचाही मला नवा अर्थ दिसू लागला. मी ज्यांना अडथळे म्हणून टाळत होतो ते सगळे पाण्याच्या मागोमाग आलेले होते. ओढा, शेत, कुंपण, म्हैस, विचारपूस करणारा माणूस. निर्वेध वाट म्हणजे जेथे कोणाला जगता येत नाही अशी जागा. तिची आवड धरण्यात पाप नाही. पण जेथे लोक जगतात तेथेही वाट तशीच असावी असा हट्ट मनात केव्हा शिरतो, ते आपल्याला कळतही नाही.

विलायतेत १९६८ साली एक कायदा झाला. त्याने तिथल्या घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क लोकांना दिला. परंतु पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी, ही अटही त्याबरोबरच घातली. तिकडे डोंगराळ मुलखात मेंढरांसाठी दगडी गडगे असतात, त्यांत जागोजाग फाटके असतात, आणि फाटक जसे सापडले तसे ठेवून पुढे जावे असा रिवाज आहे. मला त्या कायद्यातला शहाणपणा आवडतो. जाण्याचा हक्क आणि थांबण्याचे कर्तव्य त्याने वेगवेगळ्या कपाटांत ठेवले नाहीत.

माझ्या पठारावरची आणखी एक गोष्ट. तेथे गळ्याखाली निळ्या-नारिंगी पंख्याची झालर फुगवणारा एक सरडा आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जातकुळीला ‘सरडा’ हेच आपले मराठी नाव दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले आहेत. सरड्यांना भय उरले नाही. त्यांची संख्या वाढली, माणूस जवळ गेला तरी ते पळेनात. पण ते रोडावले आणि नरांचे रंगही फिके पडले. सरड्यावरून माणसाचे अनुमान काढू नये, हे मला कळते. तरीही निर्वेध आयुष्य म्हणजे भरलेले आयुष्य, हे मी जे गृहीत धरले होते, ते त्या दिवसापासून तितकेसे ठाम राहिलेले नाही.

आता माझ्या दुसऱ्या निर्वेध वाटेविषयी बोलले पाहिजे. मी लिहायला बसतो तेव्हा खोलीचे दार लावून घेतो. दूधवाला येतो, विद्यार्थ्यांचे पालक येतात, फोन वाजतो. मला काहीच ऐकू येत नाही. ही माझ्या एकाग्रतेची शक्ती आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. दाराबाहेर माझी पत्नी दर वेळी हातातले काम टाकून उठते, हा त्या एकाग्रतेचा दुसरा अर्धा भाग. माझा ठेका तुटू नये म्हणून तिचा किती वेळा तुटला, याचा हिशेब मी केला नव्हता. वाट निर्वेध असते तेव्हा पुष्कळदा कोणीतरी दुसराच आपल्याऐवजी उतरलेला असतो.

तिला मी हे बोलून दाखवले. वाटले होते, ती गहिवरेल. ती म्हणाली, “तुम्ही खुशाल लिहा. पण गुरुवारी मला भजनाला जायचे असते. त्या दिवशी दार तुम्ही उघडत जा.”

तेव्हापासून गुरुवारी माझे लिहिणे फारसे होत नाही. ते चांगले होते असेही मी म्हणणार नाही. अखंड वेळाशिवाय काही कामे होतच नाहीत, आणि थांबण्याचे गोडवे गाणाऱ्या माणसाने बहुधा कधी काही लिहिलेले नसते. नकाशावर आजही मी धारेचीच वाट शोधतो.

गेल्या रविवारी पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. म्हातारी दिसली नाही. नाचणी उभी होती. मी उतरलो, शिरी बाजूला केली, सायकल पलीकडे घेतली, शिरी लावली. हातात काटा मोडला, तो घरी येऊन सुईने काढावा लागला. ठेका तुटला तो तुटलाच. तो जुळेपर्यंत अर्धा उतार संपला होता.