हवेचा दोष

आमच्या घरी एक जुनी सवय आहे. सकाळी जो कोणी दार उघडून दूध आत घेतो, तो त्या दिवसाच्या हवेविषयी चार शब्द बोलल्यावाचून राहत नाही. "आज मळभ आहे", "आज काय सुरेख ऊन पडलंय", "आजची हवा अगदी वाईट". माझे वडील हेच करीत, आम्ही हेच करतो, आणि इतक्या वर्षांत कोणाच्याही मनात आले नाही की, आपण हवेला 'चांगली' आणि 'वाईट' म्हणतो म्हणजे नेमके काय म्हणतो. माणसाला चांगले-वाईट म्हणावे, त्याच्या कृतीला म्हणावे, पण ढगाला? हा प्रश्न मला पडला तो एका जानेवारीत, दिल्लीत, आणि पडला तोही मी होऊन विचार करायला बसले म्हणून नव्हे.

वाचक म्हणतील, दिवाळीच्या दिवसांत, फराळाची ताटे समोर असताना, हा जानेवारीचा गारठा कशाला? खरे आहे. पण आमच्या उत्तरेत दिवाळी झाली की लोक रजया उन्हात टाकतात, आणि त्या उन्हात टाकलेल्या रजया पाहिल्या की मला तो महिना आठवतो.

तो २०२२ सालचा जानेवारी. नोकरीच्या निमित्ताने आम्ही दिल्लीत आलो त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. यमुनेपलीकडच्या एका सहकारी गृहसंस्थेत आमचे बिऱ्हाड आहे. इतक्या वर्षांत दिल्लीची थंडी मी पुष्कळ पाहिली. पण ती बहुधा कोरडी थंडी. सकाळी धुके, दुपारी कोवळे ऊन, गच्चीवर शेंगदाणे आणि संत्री, असा तिचा थाट. त्या वर्षी मात्र ऊन म्हणून दिसेना. दिल्लीत जानेवारीत पाऊस पडतो तो वीस मिलिमीटरच्या आसपास. त्या महिन्यात ८८.२ मिलिमीटर पडला. १९०१ सालापासूनच्या नोंदींत जानेवारीत इतका पाऊस कधी झाला नव्हता.

हा पाऊस आपल्या मोसमी पावसाचा भाऊ नव्हे. तो अगदी वेगळ्या कुळातला. भूमध्य समुद्राच्या बाजूला उगम पावलेली वादळे पश्चिमेच्या वाऱ्यांवर स्वार होऊन इराण-अफगाणिस्तान ओलांडून येतात, वाटेत जमेल तेवढे बाष्प घेतात आणि हिमालयाला येऊन थडकतात. डोंगरावर बर्फ पडते, मैदानात पाऊस. शास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. इकडचा शेतकरी त्या पावसाला महावट म्हणतो. त्या महिन्यात ही वादळे एकामागून एक, पाहुण्यांच्या रांगेसारखी येत राहिली. एक गेले की अंथरूण उचलावे तोच दुसरे दारात. आणि ढगांचा एक विशेष असा की, रात्री ते पांघरुणासारखे काम करतात आणि दिवसा भिंतीसारखे. त्यामुळे रात्र फारशी गोठवणारी नसते, पण दिवस उबदार होतच नाही. मैदानी मुलखात रात्रीचे तापमान दहा अंशांवर चढलेले नसेल आणि दिवसाचे सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून खाली असेल, तर हवामानखाते त्याला 'शीत दिन' म्हणते. नाव छान आहे. भोगायला मात्र तो दिवस अंगावर ओले कापड घालून बसल्यासारखा असतो.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी खूश होते, हे कबूल केले पाहिजे. दिल्लीची हिवाळ्यातली हवा म्हणजे धूर, आणि पावसाने तो धुऊन काढला होता. शनिवार-रविवारची संचारबंदी होती, साथीची तिसरी लाट चालू होती, कोणी येणार नव्हते, कुठे जायचे नव्हते. मी कांद्याची भजी तळली. ह्यांनी खिडकीशी खुर्ची ओढली. निफाडकडे दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला मी फोन लावला आणि म्हटले, "काय सुंदर पाऊस आहे गं इथे!"

ती क्षणभर बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, तुझा पाऊस तिकडेच ठेव हो."

तिचे म्हणणे मला लगेच उमगले आणि मी ओशाळले. महिन्यापूर्वीच, डिसेंबर २०२१ च्या पहिल्या दोन दिवसांत, महाराष्ट्रात अवेळी पाऊस आणि बोचरा वारा एकदम आले होते. तिच्या बागेत द्राक्षांचे मणी तडकले. पण ती बोलली ते द्राक्षांबद्दल नव्हे. पुणे, नाशिक आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, एवढ्या मुलखात त्या दोन दिवसांत हजारो मेंढ्या आणि बकऱ्या गारठून मेल्या होत्या. तिच्या शेताजवळ एका धनगराचा वाडा बसला होता. मेंढीच्या अंगावरची लोकर भिजली की तिची ऊब जाते आणि तिचे नुसते ओझे राहते. बहीण सांगत होती, "सकाळी तो माणूस रडत नव्हता गं. नुसता मोजत होता."

त्या सकाळनंतर माझ्या लक्षात येऊ लागले की, त्या महिन्यातल्या प्रत्येक ढगाला दोन-दोन तीन-तीन नावे होती. पंजाब-हरियाणातल्या गव्हाला तो पाऊस सोन्यासारखा. फुटवे चांगले फुटतात, एक पाणी वाचते. त्याच पावसाने बटाट्यावर करपा येण्याची भीती, आणि मळभ राहिले की मोहरीवर मावा. डोंगरावर पडलेले बर्फ उन्हाळ्यात नद्यांना पाणी देणार म्हणून बरे. आणि त्याच आठवड्यात पाकिस्तानात मरी येथे बर्फ पाहायला हौसेने गेलेली वीसहून अधिक माणसे रस्त्यात अडकलेल्या आपापल्या मोटारींत मरून पडली. महिन्याच्या अखेरीकडे, २३ तारखेला, पश्चिमेकडून निघालेली धूळ थेट मुंबईवर येऊन उतरली आणि मुंबईकर भरदुपारी स्वेटर शोधू लागले. एकच महिना. तो चांगला होता की वाईट, हे विचारायचे कोणाला?

ह्यांचे उत्तर सरळ होते. हे आयुष्यभर सांख्यिकीत गेलेले. म्हणाले, "बेरीज करावी. लाभ किती, हानी किती. मोठा आकडा कोणत्या बाजूला ते पाहावे." मी विचारले, "त्या धनगराच्या मेंढ्या पंजाबच्या गव्हातून वजा कशा करायच्या?" यावर ह्यांनी चष्मा पुसला. बेरजेला हरकत नसते. पण ज्याची हानी त्याला लाभातला दाणाही मिळत नसेल, तर ती बेरीज कोणाच्या वहीत मांडायची? सरासरी ही फार सोयीची गोष्ट आहे. तिच्यात कोणीच भिजत नाही.

दुसरे उत्तर जुने आहे, आणि अधिक मानाचे. हवा ही निसर्गाची करणी. तिला दोष नाही, गुण नाही. आणि जिथे कर्ता नाही तिथे नीतीचा प्रश्नच येत नाही. याच्या उलट टोकाचे उत्तरही आपल्या देशात दिले गेले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांना हे मानवले नाही, त्यांनी विरोध लिहून पाठवला, आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापला. दोघांच्याही मोठेपणाला शोभेल असाच तो वाद झाला. बुद्धीने मी रवींद्रनाथांच्या बाजूची. भूकंप जात पाहून घर पाडीत नाही, आणि शिक्षाच असेल तर ती पाप करणाऱ्याच्या ओसरीवरून पुढे जाऊन पाप सोसणाऱ्याच्या झोपडीवर का पडते? पण गांधीजींच्या त्या चुकीच्या वाक्यात एक गोष्ट आहे, ती मला सोडीत नाही. निसर्गाची आपत्ती पाहून 'यात माझा हात किती?' असे विचारणारा माणूस, 'दैव!' म्हणून सुस्कारा टाकणाऱ्यापेक्षा मला जवळचा वाटतो.

या दोहोंच्या मधली वाट त्याहूनही जुनी आहे. १७५५ साली लिस्बन शहर भूकंपाने कोसळले तेव्हा व्हॉल्तेअरने देवाच्या योजनेवर हताश कविता लिहिली. पुढच्या वर्षी रूसोने त्याला पत्र लिहून विचारले की, ती सहा-सहा मजली घरे इतकी दाटीने निसर्गाने बांधली होती काय? मला हे वाचून वाटले, झाले, प्रश्न सुटला. धक्का निसर्गाचा, घरे आपली. पाऊस ढगाचा, छप्पर आपले. पुस्तकात प्रश्न सुटला की मला फार हलके वाटते. हा माझा दोष आहे.

कारण ज्या दिवशी मी भजी तळली त्याच दिवशी खाली फाटकाशी आमचा पहारेकरी उभा होता. अवधातल्या एका खेड्यातला, पन्नाशीच्या घरातला माणूस. त्याच्याकडे एक छत्री होती आणि डोक्यावरून घ्यायला प्लास्टिकचा कागद. पूर्वी पाऊस आला की तो आमच्या जिन्याखाली येऊन बसे. साथ आल्यापासून संस्थेच्या समितीने ठराव केला होता की, बाहेरच्या माणसांनी जिन्यात थांबू नये. बाहेरची माणसे! तो त्या फाटकाशी आम्हा निम्म्या बिऱ्हाडकरूंच्याही आधीपासून होता. त्या सभेला मी हजर होते. ठराव वाचला गेला तेव्हा मला तो खटकला, हे खरे. मी बोलले नाही, हेही खरे. ह्यांना दम्याचा त्रास, वय झालेले. मनात आले, काळजी घेतलेली बरी. हात वर करायला सांगितले तेव्हा मी हात वर केला.

दुपारी मी त्याच्यासाठी चहा आणि चार भजी घेऊन खाली गेले. अशा वेळी आपण जे बोलतो तेच बोलले, "भैया, कितना खराब मौसम है!"

तो हसला. "नहीं माताजी, मौसम तो बहुत अच्छा है। गाँव में गेहूँ खड़ा है।" आणि मग फाटकाच्या खांबाकडे हात करून, तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसती माहिती द्यावी तसा म्हणाला, "बस, यहाँ छप्पर नहीं है।"

मी वर आले ती जरा वेगळीच होऊन आले. मी हवेला दोष देऊन त्याच्याशी सहानुभूती दाखवायला गेले होते. त्या सहानुभूतीत किती सोय होती! हवा खराब म्हटली की आम्ही दोघेही सारखेच तिचे बळी झालो. मी वर, तो खाली, एवढाच काय तो फरक. त्याने मला तो आडोसा घेऊ दिला नाही. ज्या पावसात त्याचे बूट भिजले होते त्याला तो मनापासून चांगला म्हणत होता, आणि जे वाईट होते त्याचे नाव त्याने अचूक घेतले होते. रूसोने पत्र लिहून सांगितलेली गोष्ट त्याने भजी हातात धरून सांगितली. त्यातला 'यहाँ' हा शब्द मात्र रूसोच्या पत्रात नव्हता.

पुढच्या रविवारी मी समितीच्या चिटणिसांकडे गेले. ते सभ्य गृहस्थ आहेत. म्हणाले, "ठराव एकमताने झाला होता, वहिनी. आपणही होता." त्यावर मला काही बोलता आले नाही. छप्पराचा विषय पुढच्या सभेत घेऊ, असे ठरले. पुढची सभा महिन्याने. महिना संपायच्या आत पहारेकऱ्याला छातीत कफ झाला आणि तो गावी गेला. साथीचा आजार होता की गारठ्याचा, हे कोणी तपासले नाही. त्याच्या जागी एक तरुण मुलगा आला. मी त्याला ह्यांचा जुना लोकरीचा कोट दिला, आणि देताना मला माझी लाज वाटली. कारण कोट द्यायला हात जितका सहज पुढे झाला, तितका सभेत खाली राहायला झाला नव्हता. दान करणे किती सोपे असते आणि हात वर न करणे किती अवघड, हे मला साठी उलटून गेल्यावर कळावे!

मार्चच्या अखेरीला तो परत आला. वाळला होता, पण बरा होता. मी गव्हाचे विचारले. त्या वर्षीचा मार्च देशभर १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. दाणा भरायच्या वेळेला ऊन असे पडले की, ओंब्यांत दाणा आक्रसून गेला. जानेवारीतल्या त्या सोन्यासारख्या पावसाचे सोने दोन महिन्यांत निम्मे-शिम्मे झाले. पुढे १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यातच थांबवली. ह्यांच्या बेरजेत जमेच्या बाजूला मांडलेला आकडा असा खोडला गेला. ह्यांनीच तो मला वर्तमानपत्रात दाखवला, आणि चष्मा पुन्हा पुसला.

पहारेकऱ्याला मी सांगितले की, जिन्याचा ठराव आता रद्द झाला आहे आणि मी तसे मत दिले आहे. त्याने मान डोलावली. हा ठराव आधी होता आणि मी त्यालाही मत दिले होते, हे त्याला ठाऊक होते की नाही, मला कळले नाही. सांगावे असे दोन-तीनदा मनात आले. तो नळावर तोंड धूत होता, मग कोणाची तरी मोटार आली, तो फाटक उघडायला गेला.

एप्रिलमध्ये समितीने छप्पर घातले. चांगले पक्के, पत्र्याचे, तिन्ही बाजूंनी बंद. त्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी त्याच्या आत पाऊल ठेववत नसे. तो खुर्ची बाहेर काढून कडुलिंबाखाली बसे, आणि मी खिडकीतून पाहत असे.